अध्यक्ष आसनस्थ राहतील

माणूस बसून बसूनही दमतो, असं मी म्हटलं की लोक हसतात. धावून दमलेल्याला कोणी पाणी देतं, ओझं उचलून दमलेल्याची कोणी पाठ चोळतं. बसून दमलेल्याच्या नशिबी 'तुमची काय, मजा आहे!' एवढंच. तर मी गेलं जवळजवळ वर्षभर बसलो आहे. चौतीस व्यासपीठांवर, कोट घालून, कानांत कापूस घालून, एका रॉक बँडच्या मागे. मी पाणीपुरवठा कचेरीत आवक-जावक विभागाचा मुख्य लिपिक. वय अठ्ठावन्न, डावा गुडघा कुरकुरता, आणि संगीताशी संबंध म्हणाल तर कीर्तनापुरता. तोही समोर मांडी घालून ऐकण्यापुरता. मी या फंदात पडलो कसा, ते सांगतो. देव साक्ष आहे, माझी इच्छा एवढीच होती की घरातला ड्रम घराबाहेर जावा.

आमची धाकटी नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत कामाला होती. खिडकीशेजारचं टेबल, डोक्यावर पंखा, साहेब शब्दाचा मऊ. एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली आहे."

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. आमचा बँड आहे. गाणी माझी आहेत. वर्षभरात लोकांनी ती ऐकली तर ठीक. नाही ऐकली, तर वर्ष संपल्यावर पहिल्या तारखेला मी परत त्या टेबलावर, आणि पुन्हा गाण्याचं नाव काढणार नाही."

"ऐकली म्हणजे किती जणांनी?"

"किती नाही हो, बाबा. कशी ऐकली ते बघणार."

असं कोणी शांतपणे बोललं की मला धडकी भरते. रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. ज्यानं तारीख ठरवली त्याच्याशी काय बोलणार? मी स्वतः आयुष्यभर तारखेच्या शिक्क्यावर जगलेला माणूस. बायको म्हणाली, "आधी ताटातलं संपव," आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

बँड म्हणजे एकूण तीन डोकी. धाकटी गाणार आणि गिटार वाजवणार. बायकोचा भाचा, जो एरवी चष्म्याच्या दुकानात लोकांना अगदी हळू आवाजात 'खालची ओळ वाचा' म्हणतो, तो ड्रम बडवणार. आणि तिसरा एक उंच मुलगा, औषधाच्या दुकानात काम करणारा, जाड तारांची बेस गिटार गळ्यात अडकवून उभा राहणार. हा मुलगा बोलत नाही. पहिल्या दोन महिन्यांत तो माझ्याशी एकदाच बोलला, आणि तेही 'गोळी जेवणानंतर' एवढंच. बँडचं नाव त्यांनी 'गंज' ठेवलं होतं. मुलांना बारशाचा अधिकार आपण देतो कशाला, कळत नाही.

तालीम आमच्या बाहेरच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे कायदेकाका वर आले. हे कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. वकिलीची परीक्षा दिलेली नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडलेलं नाही. हातात पोळीएवढा चुन्याचा पोपडा होता.

"हा तुमचा," ते म्हणाले.

"आमचा कसा? छत तुमचं."

"छत माझंच. पडण्याचं कारण तुमचं. मी तक्रार करणार नाही, शेजारधर्म आहे. पण सल्ला देतो." कायदेकाकांच्या तक्रारीपेक्षा सल्ल्याला लोक जास्त भितात, याचा अनुभव मला तेव्हा नव्हता. "तळमजल्यावर सायकलींची खोली रिकामी पडली आहे. ती मागून घ्या."

मी इमारतीच्या समितीकडे अर्ज केला. समितीनं ठराव केला की सामाईक खोली व्यक्तीस देता येत नाही, नोंदणीकृत संस्थेस देता येते. कायदेकाका म्हणाले, "मग नोंदवा संस्था. चार कागद तर आहेत!"

आजवर माझ्या आयुष्यात जी जी संकटं आली ती सगळी चार कागदांच्या वेषात आली.

नोंदणी कचेरीतला लिपिक माझ्याच जातकुळीचा होता, म्हणजे अर्ज हातात घेण्याआधी तो उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहणारा. म्हणाला, "नाव गंज?"

"हो."

"म्हणजे लोखंडाला येतो तो?"

"तोच."

"उद्देश?"

"गाणं."

"नावातून उद्देश दिसला पाहिजे. उद्या कोणी पत्रे घासून घ्यायला आलं तर?"

मुद्दा बिनतोड होता. 'गंज सांगीतिक व सांस्कृतिक मंडळ' असं नाव ठरलं. सभासद सात लागतात. तिघं ती, मी, बायको, कायदेकाका आणि त्यांच्या घरची काकू. अध्यक्ष मी, कारण माझी सही सुवाच्य आहे. राहिली नियमावली. इथे मी ते केलं ज्याची फळं मी भोगतो आहे.

गेली एकोणीस वर्षं मी आमच्या कीर्तन मंडळाचा चिटणीस आहे. त्या मंडळाची नियमावली माझ्या हातची, आणि तिच्यातला प्रत्येक नियम म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या पराक्रमाचं स्मारक आहे. एके काळी आमचे एक अध्यक्ष होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला हार घालून घ्यायचे आणि पहिलं पद संपायच्या आत घरी जाऊन झोपायचे. त्यांच्यासाठी मी नियम चौदा लिहिला: 'प्रत्येक जाहीर कार्यक्रमात अध्यक्ष आरंभापासून समाप्तीपर्यंत व्यासपीठावर आसनस्थ राहतील. अध्यक्ष उठल्यास कार्यक्रम स्थगित समजावा.' त्यांच्या पुढचे अध्यक्ष आसनस्थ राहिले, पण बुवांच्या वरची पट्टी धरून गाऊ लागले. म्हणून नियम पंधरा: 'अध्यक्ष स्वतः गाणार वा वाजवणार नाहीत.' तिसऱ्यांचं भाषण बुवांच्या निरूपणापेक्षा लांबू लागलं. म्हणून सोळा: 'मध्यंतरात अध्यक्ष केवळ दोन शब्द बोलतील.' एका रविवारी दुपारी मी ही सबंध नियमावली जशीच्या तशी उतरवली. फक्त 'कीर्तनकार' खोडून 'गायिका' केलं आणि टाळांच्या जागी ड्रम लिहिला. बेचाळीस नियम! नोंदणी लिपिकानं उभं राहून माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, "हल्ली इतकं सविस्तर कोणी आणत नाही." त्या दिवशी मी घरी चालत गेलो, आणि गुडघा दुखला नाही.

पहिला कार्यक्रम एका वाचनालयाच्या सभागृहात, शनिवारी दुपारी चार वाजता. श्रोते साठ-सत्तर, त्यांतले निम्मे मासिकं वाचायला आलेले. मी तिसऱ्या रांगेत, बायको शेजारी. दुसरं गाणं सुरू झालं तेवढ्यात बाजूच्या दारातून एक शिडशिडीत गृहस्थ फाईल घेऊन थेट व्यासपीठावर गेले आणि त्यांनी हात वर केला. परवाना निरीक्षक. भाचा थांबला, धाकटी थांबली. उंच मुलगा चार ठोके उशिरा थांबला.

"अध्यक्ष कोण?"

मी उठलो. "मी."

"तिथे काय करताय?"

"ऐकतोय."

"परवान्याला तुमचीच नियमावली जोडली आहे. नियम चौदा. आसनस्थ, व्यासपीठावर, आरंभापासून. दीड गाणं नियमबाह्य झालेलं आहे."

खरं सांगतो, क्षणभर मला राग आला नाही, भरून आलं. एकोणीस वर्षांत माझी नियमावली शेवटपर्यंत वाचलेला हा पहिला माणूस. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. किंबहुना दीड गाणंसुद्धा होऊ दिलं नसतं. पण त्यानं आणखी एक पान उलटलं.

"नियम नऊ. 'बुवांस कार्यक्रमापूर्वी कोमट दूध देण्यात यावे.' बुवा कोण? दूध दिलं का?"

एक 'बुवा' बदलायचा राहून गेला होता. मग त्या उंच मुलानं, देव त्याचं भलं करो, संथपणे हात वर केला. वाचनालयाच्या शिपायानं कुठूनसं दूध आणलं. मुलगा ते सगळ्यांसमोर प्यायला आणि त्यानं ओठ पुसले. तेव्हापासून तो जगाचा बुवा झाला. आज त्याचं खरं नाव त्याच्या औषध दुकानातही कोणी घेत नाही.

मला वाचनकक्षातली एक हातांची खुर्ची दिली. मी ड्रमच्या डाव्या अंगाला बसलो. तिसरं गाणं सुरू झालं आणि माझ्या छातीतली सगळी हाडं जागची हलली. खिशात कानातल्या औषधाचा कापूस होता, तो मी दोन्ही कानांत घातला. मग सवयीनं मान डोलवू लागलो, कीर्तनात डोलवतो तशी, सावकाश. ती कुठल्याच गाण्याच्या तालात नव्हती म्हणतात. मध्यंतरात नियम सोळाप्रमाणे, पण चौदा सांभाळून बसल्या जागेवरूनच, मी दोन शब्द बोललो: "शांतता राखल्याबद्दल आभारी आहे."

सभागृह जे कोसळलं! मासिकं वाचणारेसुद्धा पायांनी फरशी वाजवू लागले. मला वाटलं आग लागली.

घरी येताना बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा इतका वेळ तुम्ही नीट बसला नव्हतात."

तेवढ्यावर भागलं असतं. पण निरीक्षकानं फाईलवर तांबड्या शाईत शेरा मारला होता: 'नियम १४ ची अंमलबजावणी प्रत्यक्ष पाहावी.' शेरा काय चीज असते, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माणूस बदलून जातो, निवृत्त होतो, स्वर्गवासी होतो, शेरा राहतो. पुढच्या प्रत्येक परवान्याच्या अर्जाला ती फाईल जोडली गेली, आणि गावोगावचे निरीक्षक तो शेरा वाचून, चष्मा पुसून, पहिल्या रांगेत येऊन माझ्याकडे बघत बसू लागले.

आता तुम्ही म्हणाल, नियम बदला. आम्ही तेच करायला निघालो. कोणी म्हणालं, ड्रमवाल्याला अध्यक्ष करा, तो नाही तरी बसलेलाच असतो; पण नियम पंधरा आडवा आला. कायदेकाका म्हणाले, "मी होतो अध्यक्ष," आणि त्यांच्या घरची काकू पलीकडून म्हणाली, "यांना तीन तास बसवाल तर मधे चारदा उठावं लागतं, विचारा मला." तेव्हा दुरुस्तीच करायची ठरली. एकवीस दिवसांची सूचना, सायकलींच्या खोलीत सर्वसाधारण सभा, सातही सभासद हजर, नियम चौदा रद्द, सर्वानुमते. इतिवृत्त मी लिहिलं. दोन महिन्यांनी नोंदणी कचेरीतून ते परत आलं. मी जातीनं गेलो.

"तुमच्याच इतिवृत्तात आहे," लिपिक बोट ठेवून म्हणाला, "'सहा वाजून दहा मिनिटांनी अध्यक्ष दार उघडण्यास उठले.' नियम चौदा. अध्यक्ष उठले की स्थगित."

"अहो, तो जाहीर कार्यक्रमासाठी आहे. ही सभा होती."

"सभेची सूचना जिन्याखालच्या फळ्यावर लावली होती ना?"

"होती."

"म्हणजे जाहीर."

मीच लिहिलं होतं; वेळेसकट लिहिलं होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं दार उघडलं असतं आणि विसरला असता. पुन्हा एकवीस दिवस, पुन्हा सभा. या वेळी दारावर टकटक झाली तेव्हा सातही जण श्वास रोखून बसलो. नंतर कळलं, गॅसवाला परत गेला. तो प्रस्ताव वरिष्ठांकडे गेला आणि वरिष्ठ प्रशिक्षणाला गेले.

तोवर 'गंज' चढत होता. वाचनालयानंतर दोन महाविद्यालयं, मग शेजारच्या गावचं नाट्यगृह, मग एक कार्यक्रमवाला भेटला. हा गृहस्थ एकाच वेळी दोन फोनवर बोलायचा आणि तिसऱ्या माणसाला मानेनं 'हो' म्हणायचा. त्यानं एक व्हॅन आणली, दौरा आखला: चौदा गावं, मग आणखी सोळा. व्हॅनमध्ये मागच्या बाकावर मी, माझा कोट, बुवाच्या दुधाचा थर्मास आणि ड्रम. रजेच्या अर्जात 'कारण' या रकान्यात काय लिहावं, यावर माझी दोन रात्री झोप उडाली. शेवटी खरं ते लिहिलं: 'रॉक संगीताच्या कार्यक्रमात बसणे.' साहेबांनी तो अर्ज मंजूर केला आणि खाली लिहिलं, 'येथे तरी वेगळे काय करता?' तीस वर्षांच्या सेवेवर ही टिप्पणी. मी तिची नोंद घेतली, उत्तर दिलं नाही.

भिंतींवर जाहिराती लागल्या. त्यांवर गिटार नव्हती, ड्रम नव्हता. एक खुर्ची होती. मुलं छातीवर 'शांतता राखल्याबद्दल आभारी आहे' असं छापलेले सदरे घालून येऊ लागली. मी व्यासपीठावर पाऊल ठेवलं की आरडाओरडा, "काका! काका!" मी कानातला कापूस नीट केला तरी टाळ्या. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'या बँडमध्ये सर्वाधिक संयमी वादन खुर्चीचे.' गल्लीत प्रत्येक जण बसण्यातला तज्ज्ञ झाला. कोणी म्हणे पाठीला उशी घ्या, कोणी म्हणे घेऊ नका, लोकांना तुमची ताठ पाठच आवडते. कायदेकाकांनी सल्ला दिला की मान डाव्या बाजूला जास्त डोलते, समतोल साधावा. त्या वर्षी कीर्तनाचा सप्ताहही माझा चुकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. नंतर बुवा, म्हणजे खरे बुवा, रस्त्यात भेटले.

"दिसला नाहीत?"

"मुलीच्या गाण्याला बसतो आहे."

"वा! काय गाते हो?"

आठ महिने त्या गाण्यांच्या मागे बसून मला एका गाण्याची एक ओळ येत नव्हती. भोंगे सगळे पुढे तोंड करून. मागे येतो तो नुसता धबधबा, त्यात कानांत कापूस. बुवांना मी काहीतरी 'आधुनिक आहे' असं सांगून सुटलो. ज्या माणसानं जन्मभर 'आधी शब्द कळला पाहिजे' म्हणून लोकांशी वाद घातले, त्या माणसाची ही गत.

मग एका दुपारी व्हॅनमध्ये, दोन गावांच्या मधे कुठेतरी, भाचा आणि बुवा एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले असताना धाकटी मागे माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, काल मी चौथ्या गाण्याचं शेवटचं कडवं गाळलं."

"विसरलीस?"

"नाही. मुद्दाम. कोणाच्या लक्षात येतं का पाहिलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "कोणाच्याही नाही आलं. तेवढ्यात तुम्ही रुमाल काढला आणि लोक ओरडत होते. तुमच्या आलं?"

"मला मागून शब्द ऐकू येत नाहीत गं."

"हं," ती म्हणाली. "वर्ष संपायला सदतीस दिवस राहिले. सभागृहं भरताहेत, म्हणजे कोणी म्हणेल हिचं चांगलं चाललंय. पण मी परत टेबलावर जाणार असं वाटतंय."

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी नियम चौदा सांगितला असता, शेरा सांगितला असता, वरिष्ठांचं प्रशिक्षण सांगितलं असतं. तिनं फक्त माझ्या गुडघ्यावर घोंगडी नीट केली आणि पुढे जाऊन बसली.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते. पण कीर्तनात बसणाऱ्या माणसानं पाप लपवलं तर तो बसला कशाला?

दोन आठवड्यांनी नोंदणी कचेरीचं पाकीट आलं. दुरुस्ती मंजूर. नियम चौदा रद्द. शिक्का गोल, स्पष्ट, शाई कुठे पसरलेली नाही. मी सुटलो होतो. ते पाकीट मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि शनिवारी जाऊन व्यासपीठावर बसलो. रविवारीही बसलो. तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, एक चिठोरं नोंदीवाचून राहू दिलं नाही; आणि माझ्या नावानं आलेला हा एवढा महत्त्वाचा कागद मी आवक करून घेतला नाही. मनाला सांगितलं, योग्य वेळी सांगू. दौरा संपू दे. लोकांचा विरस नको. खरी गोष्ट अशी की कचेरीत मी जिना चढताना माझ्यासाठी कोणी ओरडत नाही.

पुढच्या गुरुवारी बायकोनं इस्त्रीसाठी कोटाचे खिसे रिकामे केले. पाकीट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"उघडलेलं आहे."

"हो."

"तारीख मागच्या महिन्यातली आहे. मधे दोन कार्यक्रम झाले."

"सांगणार आहे तिला."

"कधी?"

मी चष्मा पुसू लागलो. ती बसली माझ्याशेजारी. रागावली नाही, तिला राग आला की ती उभी असते. "टाळ्या गोड लागतात हो, मला काय कळत नाही? मलासुद्धा भाजीवाली आता काकांची बायको म्हणून दोन शब्द जास्त बोलते. पण ते तिच्या ताटातलं आहे. आपण उचलून खातोय." आणि पाकीट पुन्हा आतल्या खिशात ठेवून तिनं कोट इस्त्रीला दिला नाही, खुंटीवर नीट टांगला.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम सगळ्यांत मोठ्या सभागृहात होता. हजारावर माणसं, दुपारपासून रांग. मी पाकीट खिशात घेऊन गेलो, सुरू होण्याआधी सांगेन म्हणून. सुरू होण्याआधी कार्यक्रमवाल्यानं मला नवी खुर्ची दाखवली, लाल मखमलीची. मी सांगितलं नाही. मध्यंतरात सांगेन म्हटलं. मध्यंतरात 'शांतता राखल्याबद्दल' एवढ्यावरच छप्पर उडालं. तेव्हाही सांगितलं नाही.

मध्यंतरानंतर धाकटीनं गिटार काढून ठेवली. भाच्यानं काठ्या खाली ठेवल्या. नुसता बुवा एक एक तार हळू छेडू लागला आणि ती माइकशी गेली. हे गाणं तिनं दौऱ्यात प्रत्येक वेळी घेतलं होतं, आणि दर वेळी लोक याच गाण्यात माझ्याकडे वळत, कारण आवाज कमी झाला की मी दिसतो. दोन ओळी झाल्या. मागून एक आवाज आला, "काका!" मग दहा, मग शंभर. "काका! काका! मान हलवा!" लोक वाईट नव्हते हो. प्रेमानंच ओरडत होते.

धाकटी थांबली. मागे वळली नाही. मला तिची पाठ दिसत होती. वर्षभर मला तिची पाठच दिसत आली होती. पण त्या दिवशी ते खांदे मला ओळखीचे वाटले. लहानपणी शाळेतून येऊन, दप्तर न काढता, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, तसे.

मी उठलो.

बाजूच्या पडद्याआडून निरीक्षक धावतच आले. "अध्यक्ष उठले! कार्यक्रम स्थगित!"

मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्या माणसानं, हजार लोकांसमोर, तो कागद वाचला. मग उलटा करून मागे पाहिलं. मग दिव्यासमोर धरून शिक्का पाहिला. मग तारीख पाहिली आणि माझ्याकडे असं पाहिलं की तेवढी शिक्षा मला पुरे. "हे तर जुनं आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. माइक जवळच होता, सगळीकडे ऐकू गेलं. "आवक करायला उशीर झाला. चूक माझी."

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. हसले, टाळ्या वाजवल्या. धाकटी मात्र वळली होती. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी खाली जातो. तू गा." तिला रागवायचं होतं, हसायचं होतं, काय करावं तिला कळेना. शेवटी म्हणाली, "पायऱ्या सांभाळून. डाव्या बाजूला कठडा नाही."

मखमली खुर्ची भाच्यानं उचलून पडद्याआड नेली. ओरडा थोडा वेळ चालला. मग ओरडण्यासारखं समोर काही नाही म्हटल्यावर विरला. मी बाजूच्या वाटेनं अंधारात मागे मागे गेलो आणि दाराजवळ उभा राहिलो. कानांतला कापूस काढला. धाकटीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

ते माझ्या थोरल्या बहिणीवर होतं. मी वर्षभर समजत होतो, असेल कोणा मुलाबिलावर. माझी ही बहीण म्हातारपणी आमच्याकडे राहायची, तिला ऐकू यायचं नाही, आणि घरात सगळे तिच्यासाठी ओरडून बोलायचे. 'आत्या गेली,' धाकटी गात होती, 'तरी आम्ही अजून मोठ्यानंच बोलतो. कोणी विचारलं, भांडताय का, तर सांगतो, नाही, सवय आहे.' एवढंच. पुढे तिच्या खोलीतला दिवा कोण मालवतं, असं काहीसं होतं. प्रत्येक शब्द कळत होता. हजार माणसांत एक खुर्ची करकरत नव्हती. धाकटी समोर बघून गात होती, आणि लोक कसे ऐकत होते, ते तिला दिसत असणार. मला इतक्या मागून दिसत होतं.

मी नकळत मान डोलवत एक पाऊल पुढे सरकलो. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं माझ्या कोटाची बाही ओढली. छातीवर माझेच दोन शब्द छापलेले होते. अंधारात तिनं मला ओळखलं नाही.

"ओ काका," ती दबक्या आवाजात, वैतागून म्हणाली, "मधे काय उभे राहताय? दिसत नाही. बाजूला व्हा ना, ऐकू द्या."

मी बाजूला झालो.